वस्तूकडून इतिहासाकडे: प्राचीन रोम आणि इटलीची संस्कृती वर्गात कशी शिकवावी

प्राचीन रोमचा इतिहास शिकवायचा म्हटले की बहुतेक ठिकाणी रोम्युलस आणि रीमस यांना दूध पाजणाऱ्या लांडगीपासून सुरुवात होते, मग सात राजे येतात, प्रजासत्ताकातील पदांची नावे पाठ करून घेतली जातात आणि सम्राटांच्या यादीवरून धावतपळत पश्चिम रोमन साम्राज्याच्या अस्ताचे वर्ष, इ.स. ४७६, गाठले की पाठ संपतो. इटलीच्या संस्कृतीसाठी त्यानंतर एखादा सुटा तास उरतो आणि व्हेनिसचे मुखवटे, पिझ्झा व पिसाचा कललेला मनोरा दाखवण्यात तोही सरतो. या रीतीने शिकलेल्या विद्यार्थ्याला काय घडले हे थोडेफार ठाऊक असते. ते आपल्याला कशावरून कळले, याचा विचार मात्र त्याने कधी केलेला नसतो, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे रोम व आजची इटली यांच्या मधल्या काळात काय घडले, हेही त्याला सांगता येत नाही.

पुढे मांडलेली पद्धत साधारणपणे ११ ते १६ वर्षांच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. तिचे सूत्र एवढेच, की प्रत्येक पाठ एखाद्या वस्तूपासून, इमारतीपासून किंवा कोरीव लेखापासून सुरू करावा, विद्यार्थ्यांकडून तिचे बारकाईने निरीक्षण करून घ्यावे, त्यांना अनुमान काढू द्यावे आणि त्यानंतरच व्यक्ती, घटना व सनावळी सांगावी. सनावळी टाळावी असा याचा अर्थ नाही. प्रश्न पडल्यानंतर आलेली सनावळी लक्षात राहते, एवढाच अनुभव आहे.

पहिला पाठ पँथिऑनचा असावा

सुरुवातीसाठी रोममधील पँथिऑनइतकी सोयीची इमारत दुसरी नाही, कारण प्राचीन रोम आणि नंतरची इटली हे दोन्ही विषय तिच्या एकाच छपराखाली सापडतात. वर्गात दर्शनी भागाचे मोठे छायाचित्र दाखवावे आणि खांबांवरच्या लेखाचा अर्थ सांगावा: लूसियसचा पुत्र मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सुल (प्रजासत्ताकातील सर्वोच्च वार्षिक पद) असताना हे बांधले. अग्रिप्पा हा पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचा जिवलग सहकारी होता आणि त्याचे तिसरे कॉन्सुलपद इ.स.पू. २७ मधले. आता विद्यार्थ्यांना विचारावे, की ही इमारत कधी बांधली गेली? सगळे एकमुखाने इ.स.पू. २७ असे उत्तर देतील, आणि देऊ द्यावे.

मग दुसरा पुरावा पुढे ठेवावा. रोमन भट्ट्यांमधील विटांवर शिक्के उमटवलेले असत आणि त्यांवरून वीट कोणत्या काळातली हे पुष्कळदा ठरवता येते. पँथिऑनच्या भिंतींमधील विटा सम्राट ट्राजनच्या कारकिर्दीच्या अखेरच्या आणि हेड्रियनच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या, म्हणजे लेखात म्हटलेल्या काळानंतर सुमारे दीडशे वर्षांच्या आहेत. अग्रिप्पाने बांधलेले मूळ मंदिर आगीत नष्ट झाले होते. हेड्रियनच्या काळात नवी इमारत पूर्ण झाली, तेव्हा तिच्यावर जुन्याच बांधणाऱ्याचे नाव कोरण्यात आले. दगडावर मोठ्या अक्षरांत कोरलेले विधानही शब्दशः घेता येत नाही, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला स्वतःच्या अनुमानातून कळते. हेड्रियनने स्वतःचे नाव का टाळले असावे, यावर चर्चा करू द्यावी. नम्रता, ऑगस्टसच्या काळाशी नाते जोडण्याची इच्छा, परंपरेचा मान अशी निरनिराळी उत्तरे येतात आणि त्यांतले एकच खरे असे ठरवण्याची घाई करू नये.

त्यानंतर आत जावे. घुमटाचा व्यास सुमारे ४३.३ मीटर असून जमिनीपासून माथ्यावरील उघड्या झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच आहे, त्यामुळे आतल्या पोकळीत एक संपूर्ण गोल बसू शकतो. विद्यार्थ्यांना कंपासने त्याचा उभा छेद काढायला सांगावा. गणिताच्या शिक्षकांना सोबत घेता आले तर फारच उत्तम. काँक्रीटमध्ये खाली जड दगड आणि वर हलका ज्वालामुखीजन्य दगड वापरल्यामुळे घुमटाचे वजन माथ्याकडे कमी होत जाते. दर्शनी खांबांचा ग्रॅनाइट इजिप्तमधून आणलेला आहे, तेव्हा नकाशावर इजिप्तपासून टायबर नदीपर्यंतचा मार्ग काढून साम्राज्याचा विस्तार दाखवता येतो.

आणि मग शेवटचा प्रश्न: इतर शेकडो मंदिरे पडली, ही का टिकली? इ.स. ६०९ मध्ये तिचे चर्च झाले, म्हणून. तिच्यात चित्रकार राफाएलची समाधी आहे, जो १५२० मध्ये वारला, आणि एकीकृत इटलीचा पहिला राजा दुसरा व्हित्तोरिओ एमान्युएले यालाही तिथेच पुरले आहे. प्राचीन धर्म, ख्रिस्ती धर्म, प्रबोधनकाळ आणि आधुनिक राष्ट्र असे चार टप्पे एका दालनात उभे राहून मोजता येतात. पुढच्या सगळ्या पाठांची चौकट या एका तासात तयार होते.

पाँपेई: शहराच्या एका गल्लीत बराच वेळ थांबावे

उपलब्ध तासांपैकी निदान एक तृतीयांश पाँपेईला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. राजधानीचा इतिहास लिहिणारे लिव्ही, टॅसिटस, सुएटोनियस हे वरिष्ठ वर्गातले किंवा त्या वर्गाच्या निकट वावरणारे पुरुष होते, आणि त्यांच्या लेखनात भाकरी भाजणारा, कपडे धुणारा किंवा खानावळ चालवणारी बाई क्वचितच दिसते. पाँपेईत हीच माणसे दारोदारी भेटतात. इ.स. ७९ मधील व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात नेपल्सजवळचे हे शहर गाडले गेले, १७४८ पासून तिथे उत्खनन चालू आहे आणि अजूनही शहराचा जवळजवळ एक तृतीयांश भाग जमिनीखालीच आहे.

शहराचा संपूर्ण नकाशा देण्याऐवजी एकाच रस्त्याची छायाचित्रे क्रमाने दाखवावीत आणि त्यातून काय कळते ते लिहून काढायला सांगावे. फरसबंदीच्या दगडांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या दिसतात. रस्ता ओलांडण्यासाठी मांडलेले उंच दगड दिसतात, आणि त्यांच्यामधले अंतर चाके निघून जातील एवढे ठेवलेले असते. कोपऱ्यावर सार्वजनिक हौद असतो, ज्याच्या काठाचा दगड पाणी भरणाऱ्यांनी हात टेकून टेकून झिजवलेला असतो. बेकरीत लाव्हाच्या दगडाची जाती आहेत, आणि एका बेकरीच्या भट्टीत उद्रेकाच्या दिवशी घातलेले ८१ पाव जळालेल्या अवस्थेत तसेच सापडले. विद्यार्थी जेव्हा झिजलेल्या दगडावरून हाताची जागा ओळखतात, तेव्हा त्यांना पुढचे फारसे समजावून सांगावे लागत नाही.

भिंतींवर रंगवलेल्या निवडणुकीच्या जाहिराती हा या भागातला सर्वांत जिवंत विषय होय. अशा अडीच हजारांहून अधिक जाहिराती नोंदवल्या गेल्या आहेत. फळविक्रेते, खेचरवाले, सोनार अशा व्यावसायिकांचे गट आपापल्या उमेदवाराचे नाव सुचवतात. बायकांना मताचा अधिकार नव्हता, तरी आसेल्लिना हिच्यासारख्या बायकांची नावेही पाठिंबा देणाऱ्यांत आढळतात. एका जाहिरातीत ‘रात्री उशिरापर्यंत पिणारे सगळे’ वाटिया नावाच्या उमेदवाराला पाठिंबा देतात. ही त्याच्या विरोधकांनी केलेली थट्टा असावी, असे मानले जाते. विद्यार्थ्यांना चार-चारच्या गटांत बसवून अशीच एक जाहिरात तयार करायला सांगावी, मात्र अट घालावी की उमेदवार कोणत्या पदासाठी उभा आहे, ते पद कोणती कामे सांभाळते आणि पाठिंबा देणाऱ्या गटाला त्यातून काय हवे आहे, हे त्यांना सांगता आले पाहिजे. रस्ते, बाजार आणि सार्वजनिक इमारती यांची देखरेख करणारा एडाइल हा अधिकारी बेकरीवाल्याला का महत्त्वाचा वाटेल, याचे उत्तर शोधताना नगरव्यवस्था आपोआप समजते.

याच शहरात पुराव्यांचे वजन कसे करावे, हेही शिकवता येते. उद्रेकाची परंपरागत तारीख २४ ऑगस्ट आहे. ती धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने टॅसिटसला लिहिलेल्या पत्रावरून घेतलेली आहे. प्लिनी तेव्हा १७ वर्षांचा होता, त्याने उद्रेक आखाताच्या पलीकडून, मिसेनम येथून पाहिला आणि पत्र सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिले. शिवाय ते पत्र आपल्यापर्यंत हस्तलिखितांच्या नकलांमधून आले असून निरनिराळ्या हस्तलिखितांत तारीख सारखी नाही. दुसऱ्या बाजूला डाळिंबांसारखी शरद ऋतूतली फळे आणि ऊब देणाऱ्या शेगड्या उत्खननात सापडलेल्या आहेत. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यावरची तारीख आपल्या हिशेबाने १७ ऑक्टोबर अशी येते. त्या ओळीत वर्ष दिलेले नाही, पण कोळशाची अक्षरे फार काळ टिकत नाहीत. विद्यार्थ्यांसमोर हे सगळे पुरावे वेगवेगळ्या कागदांवर ठेवावेत, प्रत्येकाची बळकट आणि कच्ची बाजू लिहून घ्यावी आणि मगच ऑगस्ट की ऑक्टोबर, यावर मत नोंदवायला सांगावे. मत कोणतेही असो, कोणता पुरावा सापडल्यास ते बदलेल, हेही प्रत्येकाने लिहावे.

याला जोडून घेण्यासारखा दुसरा विषय म्हणजे मृतांच्या आकृती. राखेत गाडलेली शरीरे कुजून गेली आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुरातत्त्वज्ञ ज्युसेप्पे फिओरेल्ली याने १८६३ मध्ये त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून आकृती मिळवण्याची रीत रुळवली. सोन्याचे कडे घातलेली एक व्यक्ती आणि तिच्याजवळचे मूल ही आई आणि तिचे लेकरू, असे दीर्घकाळ समजले जात होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीतून ती व्यक्ती पुरुष असल्याचे आणि त्या मुलाशी तिचे रक्ताचे नाते नसल्याचे दिसून आले. कडे घातले म्हणजे बाई, मूल जवळ आहे म्हणजे आई, ही अनुमाने कोणाच्या मनातून आली, असे विचारले की वर्ग थोडा वेळ शांत होतो आणि मग उत्तम चर्चा होते. या आकृती खऱ्या माणसांच्या मरणाच्या आहेत. लहान वर्गांत त्या दाखवण्यापूर्वी तसे सांगावे, आणि कोणाला पाहायच्या नसतील तर आग्रह करू नये.

राजकीय इतिहास: यादीऐवजी एक धागा

राजे, प्रजासत्ताक, साम्राज्य हा क्रम एका तासात एका पट्टीवर मांडून घ्यावा: रोमच्या स्थापनेचे आणि प्रजासत्ताकाच्या सुरुवातीचे म्हणून परंपरेने दिलेली इ.स.पू. ७५३ आणि ५०९ ही वर्षे, उत्तर आफ्रिकेतील कार्थेजशी इ.स.पू. २६४ ते १४६ या काळात झालेली युद्धे, इ.स.पू. ४४ मधील सीझरचा खून, इ.स.पू. २७ मध्ये ऑगस्टसकडे आलेली सत्ता, इ.स. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मिळालेली मोकळीक आणि इ.स. ४७६. यापेक्षा अधिक सनावळी सुरुवातीला नको. सम्राटांची पूर्ण यादी तर कोणत्याच टप्प्यावर नको.

त्याऐवजी एक धागा धरावा, आणि माझ्या मते नागरिकत्वाचा धागा सर्वांत बळकट आहे. इटलीतील मित्रनगरे रोमसाठी सैनिक पुरवत, लढत आणि मरत, पण त्यांना रोममध्ये मत देता येत नसे. इ.स.पू. ९१ मध्ये त्यांनी बंड पुकारले, कॉर्फिनियम या नगराला ‘इटालिका’ असे नाव देऊन राजधानी केले आणि स्वतःची नाणी पाडली. त्यांतल्या एका नाण्यावर इटलीचे प्रतीक असलेला बैल रोमच्या लांडगीला शिंगांखाली चिरडतो आहे. हे नाणे फळ्यावर मोठे करून दाखवावे. इटली ही राजकीय कल्पना प्रथम रोमच्या विरोधात उभी राहिली, हे या एका चित्रातून जेवढे ठसते, तेवढे दहा पाने वाचून ठसत नाही. युद्धात रोम वरचढ ठरले, पण नागरिकत्व मात्र द्यावेच लागले.

हाच धागा पुढे न्यावा. इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने गॉलमधील (साधारण आजच्या फ्रान्समधील) पुढाऱ्यांना सिनेट या रोमच्या उच्च सभेत घ्यावे यासाठी भाषण केले. त्या भाषणाचा काही भाग कोरलेला कांस्यपट १५२८ मध्ये लियाँ येथे सापडला, आणि तेच भाषण टॅसिटसने आपल्या इतिहासात स्वतःच्या शब्दांत दिले आहे. दोन्हींचा अनुवाद शेजारी शेजारी ठेवून वाचला की प्राचीन इतिहासकार भाषणे कशी घडवत असत, हे मोठ्या विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसते. अखेरीस इ.स. २१२ मध्ये काराकल्लाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. ते उदारपणाने दिले की करांची वसुली वाढवण्यासाठी, हा प्रश्न प्राचीन काळापासून विचारला जात आहे.

जमिनीचा वाद शिकवताना अभिरूप सभा घ्यावी. इ.स.पू. १३३ मध्ये ट्रिब्यून (सामान्य जनतेचा निवडलेला प्रतिनिधी) टायबेरियस ग्रॅकसने सार्वजनिक जमिनीवरील ताब्याला ५०० युगेरांची, म्हणजे साधारण १२५ हेक्टरांची मर्यादा लागू करण्याचा आणि उरलेली जमीन गरिबांना वाटण्याचा कायदा आणला. मोठा जमीनदार, युद्धावरून परतलेला भूमिहीन शेतकरी, विरोधी ट्रिब्यून ऑक्टेव्हियस, आणि मत नसलेला इटालियन मित्रनगराचा रहिवासी अशा भूमिका द्याव्यात. शेवटची भूमिका विसरू नये, कारण जमीन जाण्याची भीती त्यालाही होती. सभा संपल्यावर सांगावे, की प्रत्यक्षात टायबेरियसला आणि त्याच्या अनेक समर्थकांना सिनेटच्या सदस्यांनी व त्यांच्या माणसांनी ठार मारले. ऑगस्टससाठी मात्र त्याचाच आत्मवृत्तपर लेख घ्यावा, ज्याची सर्वांत पूर्ण प्रत आजच्या अंकारा शहरातील मंदिराच्या भिंतीवर आहे, आणि त्यात सीझरचा मारेकरी ब्रूटस किंवा ऑगस्टसचा प्रतिस्पर्धी अँटनी यांची नावे कुठे आहेत ते शोधायला सांगावे. ती सापडत नाहीत, आणि पाठाचा विषय तिथूनच सुरू होतो.

गुलामगिरी आणि रक्तपात

काही वर्गांत गुलामांचा लिलाव किंवा ग्लॅडिएटरांची झुंज खेळून दाखवण्याची पद्धत आहे. ती पूर्णपणे सोडून द्यावी. अशा खेळात हसू येते, आणि वस्तुस्थितीत हसण्यासारखे काहीही नव्हते. शिवाय ज्या मुलाच्या वाट्याला गुलामाची भूमिका येते, त्याच्या मनाचा विचार शिक्षकाने आधी केला पाहिजे. अभिरूप सभा आणि अपमानाचे नाटक यांत फरक आहे.

येथेही वस्तूच अधिक बोलतात. रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात लोखंडी गळपट्टा आहे, त्याला अडकवलेल्या चकतीवर लिहिले आहे: ‘मी पळालो आहे, मला धरा, मला माझा धनी झोनिनस याच्याकडे परत नेलेत तर तुम्हांला एक सोन्याचे नाणे मिळेल.’ एवढाच मजकूर फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना लिहायला वेळ द्यावा: हे वाक्य कोणाच्या तोंडी घातले आहे, ते कोणी लिहवून घेतले, आणि गळपट्टा घालणाऱ्याचे नाव त्यात का नाही? पाँपेईत २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका शोधाची जोड देता येईल. तिथल्या एका घरातील बेकरीत जाळीच्या खिडक्यांआड, बाहेर जायला वाट नसलेल्या अंधाऱ्या खोल्यांत गुलाम आणि गाढवे यांना राबवले जात असल्याच्या खुणा मिळाल्या.

रिंगणातील खेळांविषयी बोलताना इ.स. ५९ मधला प्रसंग घ्यावा. पाँपेईच्या अँफिथिएटरमध्ये स्थानिक लोक आणि शेजारच्या नुकेरियाचे लोक यांच्यात मोठी दंगल झाली आणि रोमच्या सिनेटने तिथल्या अशा खेळांवर दहा वर्षांची बंदी घातली. हे टॅसिटसने लिहिले आहे, आणि याच दंगलीचे एक भित्तिचित्र नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. लिखित आणि चित्रित पुरावा एकमेकांना दुजोरा देतात, अशी उदाहरणे थोडी असतात. कलोसियम दाखवताना त्याच्या ८० कमानींपैकी ७६ कमानींवर प्रेक्षकांसाठी क्रमांक कोरलेले होते, हे सांगावे आणि कोण कुठे बसे, यावरून समाजाची उतरंड काढून घ्यावी.

प्रचलित गैरसमज यथावकाश दूर करावेत, त्यांसाठी स्वतंत्र तास नको. पुतळे मुळात पांढरे नव्हते, रंगवलेले होते; प्रीमा पोर्ता येथे सापडलेल्या ऑगस्टसच्या पुतळ्यावर रंगांचे अवशेष मिळाले आहेत. इ.स. ६४ च्या रोममधील आगीत सम्राट नीरो व्हायोलिन वाजवत नव्हता, कारण ते वाद्य तेव्हा अस्तित्वातच नव्हते, आणि टॅसिटसच्या म्हणण्यानुसार आग लागली तेव्हा तो अँटियम येथे होता.

रोमकडून इटलीकडे जाताना

सर्वांत कठीण भाग हाच आहे, आणि तो बहुधा घाईत उरकला जातो. दोन टोकांच्या चुका होतात: आजची इटली म्हणजे प्राचीन रोमचीच सरळ पुढची पायरी, असे एक जण सांगतो, आणि दुसरा दोन्हींचा काही संबंधच ठेवत नाही. विद्यार्थ्यांना तीन रकाने आखून द्यावेत: प्राचीन काळापासून टिकलेले, रूप बदलून टिकलेले आणि नंतर आलेले. मग एकेक गोष्ट घेऊन ती कोणत्या रकान्यात बसते, याचा शोध घ्यावा.

जेवणापासून सुरुवात करणे सोपे जाते. टोमॅटो, मका, बटाटा आणि मिरची हे सर्व १४९२ नंतर अमेरिका खंडांतून आले, त्यामुळे सीझरच्या पानात टोमॅटोचा रस्सा असणे शक्यच नव्हते. रोमन स्वयंपाकात आंबवलेल्या माशांचा गारुम हा सॉस सर्रास असे. सुकवलेला पास्ता सिसिलीतील पालेर्मोजवळच्या त्राबिया येथे तयार होऊन जहाजांनी दूरवर जात असल्याची नोंद अल-इद्रिसी या अरब भूगोलज्ञाने ११५४ मध्ये केली आहे. या नोंदीच्या निमित्ताने सिसिलीत नांदलेली अरब आणि नॉर्मन राजवट, पालेर्मोच्या कापेल्ला पालातिना या राजवाड्यातील प्रार्थनागृहाचे अरबी शैलीचे छत, दक्षिणेकडील पेस्टम येथील ग्रीक मंदिरे आणि तार्क्विनियातील एट्रुस्कन (रोमपूर्व मध्य इटलीतील लोक) थडग्यांमधली चित्रे हे सगळे एका नकाशावर येते. इटलीची संस्कृती कधीच एकट्या रोमची नव्हती, हे सिद्ध करायला एवढे पुरेसे आहे.

सणांमध्ये १५ ऑगस्टचा फेरागोस्तो घ्यावा. त्याचे मूळ ऑगस्टसने सुरू केलेल्या सुट्टीत आहे, पुढे तो मेरीच्या स्वर्गारोहणाच्या ख्रिस्ती सणाशी जोडला गेला, आणि आज इटालियन कुटुंबे त्या दिवशी समुद्रावर किंवा डोंगरात जातात. सिएनाचा पालिओ याच्या उलट आहे: २ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजी भरणारी ही घोड्यांची शर्यत शहराच्या १७ मोहल्ल्यांपैकी १० मोहल्ल्यांमध्ये होते, आणि तिची मुळे मध्ययुगीन नगराच्या जीवनात आहेत. आपल्या गावाविषयीचा हा टोकाचा जिव्हाळा समजल्याशिवाय इटली समजत नाही. अनेक शतके फ्लॉरेन्स, व्हेनिस, जिनोआ, मिलान ही स्वतंत्र सत्ताकेंद्रे होती, आणि देश एक झाला तो १८६१ मध्ये. रोम त्यात १८७० साली आले आणि पुढच्या वर्षी राजधानी झाले. त्या वेळी बहुसंख्य लोक घरात आपापल्या प्रांताची बोली बोलत; कवी दान्तेच्या फ्लॉरेन्सची भाषा सर्वांची झाली ती शाळा, सैन्य, स्थलांतर आणि नंतर दूरचित्रवाणी यांच्यामुळे. आजही १९९९ च्या कायद्याने तिथे बारा भाषिक अल्पसंख्याक समूहांना मान्यता आहे.

मोठ्या विद्यार्थ्यांना फॅसिझमने रोमचा केलेला वापर शिकवणे मी अत्यावश्यक मानतो. मुसोलिनीच्या राजवटीने कलोसियमपर्यंत जाणारा रुंद संचलनमार्ग १९३२ मध्ये खुला केला आणि त्यासाठी मध्येच असलेली जुनी दाट वस्ती पाडली. १९३७–३८ मध्ये ऑगस्टसच्या जन्माच्या दोन हजार वर्षांनिमित्त भव्य प्रदर्शन भरवून वर्तमान राजवटीची सांगड साम्राज्याशी घातली गेली. विद्यार्थ्यांनी त्या मार्गाची पाडकामापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे पाहावीत आणि कोणता भूतकाळ दाखवण्यासाठी कोणता भूतकाळ पुसला गेला, हे लिहावे. त्यानंतर १९४८ च्या संविधानाचे नववे कलम वाचावे, ज्यात निसर्गदृश्य आणि ऐतिहासिक व कलात्मक वारसा यांच्या रक्षणाची जबाबदारी प्रजासत्ताकाने स्वीकारली आहे. ही जबाबदारी रोजच्या जीवनात कशी दिसते, याचे उदाहरण रोमच्या मेट्रोच्या सी मार्गाचे द्यावे: खोदकामात पदोपदी अवशेष लागतात, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या सान जोव्हान्नी स्थानकात ते प्रवाशांच्या वाटेवरच मांडून ठेवले आहेत.

साधने आणि मूल्यमापन

वरील सर्व घटकांसाठी बारा ते चौदा तास पुरतात. वेळ कमी असेल तर युद्धांवर कात्री चालवावी, पाँपेईवर नको. प्रवासाचा वेळ आणि खर्च यांचे गणित करण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ऑर्बिस हे संकेतस्थळ उपयोगी पडते. रोमहून अलेक्झांड्रियाला उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जायला किती दिवस लागतील, हे विद्यार्थी त्यावर स्वतः तपासू शकतात. पाँपेईतील नवे शोध दर वर्षी जाहीर होत असल्याने सत्र सुरू होण्यापूर्वी पुरातत्त्व उद्यानाच्या घोषणा वाचून आपली टिपणे अद्ययावत करावीत.

परीक्षेत पाठात न आलेली एखादी वस्तू द्यावी. रोमच्या पोर्ता माज्जोरे या वेशीजवळ असलेली युरिसाकेस या बेकरीवाल्याची समाधी यासाठी फार चांगली आहे. इ.स.पू. पहिल्या शतकातील या समाधीवर धान्य दळण्यापासून पाव तोलण्यापर्यंतची सर्व कामे कोरलेली आहेत आणि तिच्या भिंतींत मोठी गोल छिद्रे आहेत, जी कणीक मळण्याच्या यंत्रांची आठवण करून देतात, असे अनेक अभ्यासक मानतात. छायाचित्र आणि लेखाचा अनुवाद देऊन चार गोष्टी विचाराव्यात: काय दिसते, त्यावरून काय अनुमान निघते, त्या अनुमानाला आणखी कोणता पुरावा लागेल, आणि ही वस्तू कशाविषयी काहीच सांगत नाही. युरिसाकेस हा मुक्त केलेला गुलाम होता असे अनेक अभ्यासकांना वाटते, पण समाधीवरील लेखात तसे स्पष्ट म्हटलेले नाही. एखाद्या विद्यार्थ्याने हे स्वतःहून हेरले तर त्याला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण द्यावेत. चौथ्या प्रश्नाला पहिल्या तिन्हींइतकेच गुण ठेवावेत, आणि हे गुणवाटप परीक्षेच्या बरेच आधी, शक्यतो पँथिऑनच्या पाठाच्या वेळीच, विद्यार्थ्यांना सांगून ठेवावे.